खोटी पेशंट

"झोप नीट लागते का?" समोरच्या खुर्चीतल्या मुलानं विचारलं.

मेडिकल कॉलेजात त्या दिवशी पेशंटशी बोलण्याची परीक्षा होती आणि पेशंट म्हणून नाट्य विभागातल्या मुलींना बसवलं होतं. चैत्रालीच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: पोटदुखी, आठ दिवस. झोप व्यवस्थित. सकाळपासून अकरा जणांना तिनं ते घडाघडा सांगितलं होतं. पण हा बारावा मुलगा पेन खाली ठेवून, थोडा पुढे झुकून, उत्तराची वाट बघत थांबला.

"नाही लागत," ती म्हणाली. "गडहिंग्लजहून इथे येऊन पाच महिने झाले. वर्गात सगळे आपापल्या घोळक्यात असतात. रविवारी तर दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही."

"अवघड असतं हे," तो हळूच म्हणाला. कोपऱ्यातल्या परीक्षक मॅडमनी कागदावर खूण केली. घंटा वाजली, तसा तो उठला.

दुपारी कँटीनमध्ये तो मित्रांबरोबर दिसला. चहाचा कप सांभाळत, धीर करून ती त्यांच्या टेबलाशी गेली. त्यानं लगेच ओळखलं.

"अरे, हीच ती!" तो मित्रांना म्हणाला. "हिच्यामुळे पूर्ण मार्क मिळाले मला. काय भारी अ‍ॅक्टिंग केलीस! क्षणभर मला खरंच वाटलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडदा पडल्यावर वाकतात तशी चैत्राली वाकली, हसली आणि कप घेऊन भिंतीजवळच्या रिकाम्या टेबलाकडे गेली.