बाईंचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात नवरा काचा बसवायचा आणि बायको तयार चष्मे पुसून डब्यांत ठेवायची. गाणं शिकवणाऱ्या बाईंचा चष्मा महिन्यात तिसऱ्यांदा दुरुस्तीला आला.

"चष्मा नाजूक आहे की बाईंचं नाक?" बायकोने विचारलं.

"दांडी सैल होते गं," तो मान वर न करता म्हणाला. गेलं वर्षभर तो तिच्याशी असाच, खाली बघून बोलत होता.

त्याने दांडी आवळून चष्मा तिच्याकडे सरकवला. तिने काच पुसली आणि काय मनात आलं कोण जाणे, तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. समोर नवरा तिच्याकडे बघून हसत होता, लग्नानंतर पहिलं वर्ष हसायचा तसा. तिने चष्मा काढला. तो खाली मान घालून दुसऱ्याच चष्म्याचा स्क्रू पिळत होता.

तिने चष्मा पुन्हा घातला. आता तो डोळे भरून तिलाच बघत होता. हे बघणं खरं तर तिच्या हक्काचं, आणि बाई ते दर खेपेला घेऊन जात होत्या. तिचा जीव नुसता जळला, तरी चष्मा काढवेना. तो उठून जवळ आला. तिने हळूच गाल पुढे केला.

तेवढ्यात त्याची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे गेली आणि चेहरा उतरला.

"मागे बघू नकोस," तो पुटपुटला. "माझी बायको आलीय."

ती वळली. दारात ती स्वतःच उभी होती, हातात काचा पुसायचं फडकं घेऊन.

तिने घाईघाईने चष्मा काढला. तरी दारातली बायको नाहीशी झाली नाही; तिच्यावरची नजर न काढता ती एक पाऊल आत आली.