बोटांची हजेरी

“सगळं नॉर्मल आहे, डॉक्टर,” दादाने फाइल टेबलावर ठेवली. “दोनदा रक्त तपासलं. हिचं रक्त माझ्यापेक्षा चांगलं निघालं. गोळ्या मात्र मी गिळतो.”

चिमी, त्याची धाकटी बहीण, शेजारच्या खुर्चीत बोटं चोळत बसली होती. पन्नाशी उलटली तरी दादासाठी ती चिमीच होती. तिने उभं आयुष्य पुस्तकं शिवली होती. छापील, घडी घातलेल्या पानांचे फर्मे जुळवायचे, टाके घालायचे, दोरा ताणून गाठ मारायची. हल्ली सकाळी तिला दोरा ताणता येत नव्हता. छापखान्याच्या मालकाने सांगून ठेवलं होतं, डॉक्टरांनी काही काढलं तर हलकं काम देतो, नाहीतर हे नखरे पुरे. दादाही तेच म्हणायचा, जरा मायेने.

डॉक्टरबाईंनी फाइल चाळली आणि मिटली. “हात द्या, ताई.”

त्यांनी एकेक पेर दाबलं. मधल्या बोटाशी चिमीने ओठ आवळले. मग त्यांनी तिची नखं खिडकीच्या उजेडात धरली. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे होते. कानामागचे केस बाजूला करून तिथली लालसर, खपल्या धरलेली जागाही पाहिली.

“कोंडा आहे तो,” चिमी ओशाळून म्हणाली.

“बघू या. सकाळी मूठ कधी वळते?”

“अंघोळ होते, डबा भरून होतो, तरी वळत नाही. निघायच्या वेळेला कुठे जरा वळते.”

“घरात आणखी कुणाला असं होतं?”

“छे!” दादा म्हणाला. “आमची आई तर शेवटपर्यंत धडधाकट. कधी दवाखान्याची पायरी चढली नाही.”

“तिची बोटं उशिरा उठायची,” चिमी म्हणाली.

“म्हणजे?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

दादा एकदम खुलला. “अहो, तो आमचा लहानपणीचा खेळ! आई सकाळी गरम पाण्याचं भांडं घेऊन बसायची. म्हणायची, माझी बोटं अजून झोपलीत रे, उठवा. मग ही एक हात चोळायची, मी दुसरा. चोळून झालं की मी मास्तर व्हायचो. अंगठा! आई अंगठा वाकवून बारीक आवाजात म्हणायची, हजर! तर्जनी! हजर!” त्याने टेबलावर स्वतःची बोटं एकेक करून वाकवली. “मधलं बोट भारी आळशी. वाकायचंच नाही. मी दम द्यायचो, उद्या पालकांना घेऊन ये! आई इतकी हसायची, डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या.”

“आणि ते हजर झालंच नाही तर?”

“तर परत गरम पाण्यात. सगळी हजर झाली, की मग ती हिची वेणी...”

दादा थांबला. चिमीचा हात अजून डॉक्टरबाईंच्या हातात होता. तो त्या हाताकडे, त्यातल्या सुजलेल्या मधल्या बोटाकडे बघत राहिला.

“आईची नखंही अशीच होती,” चिमी हळूच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी पुढे ओढली. “हा संधिवातच आहे, ताई. तुम्ही कोंडा म्हणता ना, त्या त्वचेच्या आजाराबरोबर येतो, घराण्यातही उतरतो. रक्तात तो बऱ्याचदा दिसत नाही. हातात मात्र दिसतोय. औषध आहे याला, आणि वेळेवर आलात. मालकांसाठी दाखला देते.”

चिमीने मान हलवली. इतके दिवस तिला रात्री पडल्या पडल्या वाटायचं, आपण खरंच कामचुकार तर झालो नाही ना.

बाहेर औषधांच्या खिडकीपाशी रांग होती. दादाने तिला बाकावर बसवलं. स्वतः रांगेत उभा राहिला, आणि दोन मिनिटांत नंबर सोडून परत आला.

“चिमे, आपण मोठे झालो. मला लाज वाटायला लागली त्या खेळाची. मग आईच्या बोटांची हजेरी कोण घ्यायचं गं?”

“एकटीच घ्यायची,” चिमी म्हणाली. “मी एकदा दाराआडून ऐकलं होतं. मला वाटलं, आई अजून खेळतेय.”