शेटिलचा डोस

नॉर्वेतल्या बर्गेनच्या त्या दवाखान्यात व्यसनातून सुटू पाहणारा माणूसच आपल्या उपचारांची बैठक चालवतो. शेटिल टेबलाच्या टोकाशी बसला, तशी त्याची आई गुनवोर हातातला मोजा विणता विणता फणकारली, “डॉक्टरीणबाई, हेरॉइनचं विष सोडवून त्याच्या बदल्यात हे दुसरं पाजताय. नाताळपर्यंत तुमचं हे औषध बंद करा. गावभर शोभा झालीय.” डॉक्टरीणबाईंनी शेटिलकडे पाहिलं. “तू सांग.” “आई, गेल्या वर्षी तुझ्या हट्टापायी मी डोस कमी केला, न राहवून पुन्हा हेरॉइन घेतलं आणि न्हाणीघरात निळा पडलेला तुलाच सापडलो. आता डोस आहे तेवढाच राहील. उतरवायचा तेव्हा मीच सांगेन.” आईसमोर मान वर करून तो पहिल्यांदाच बोलत होता. गुनवोरच्या सुया थांबल्या. टिपणं घेणारा चाचरला, “पण आईंचं म्हणणं...” “आईला पोरगा जिवंत हवाय,” गुनवोर कडाडली. “तो म्हणतो तसंच लिहा.”