सहावा स्क्रू

गॅरेजात गाडी रंगवताना खोलीचं दार घट्ट लावायचं, नाहीतर ओल्या रंगावर धूळ बसते. चार वर्षं इथला रंगारी म्हणून तोच ते हौसेनं लावायचा; काम असं चकचकीत, की नावच पडलं ‘आरसा’. रंगाच्या कोंडलेल्या वाफांनी तेविसाव्या वर्षीच त्याची फुप्फुसं खाल्ली. आता त्याच्या जागी धाकटी बहीण नाकाला नुसता रुमाल बांधून आत रंग मारत होती. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि बाहेरून दाराच्या बिजागऱ्या खोलू लागला. एक स्क्रू काढायचा, भिंतीला टेकून धापा टाकायच्या, मग पुढचा. मालक धावत आले. “डोकं फिरलंय का? रंगावर धूळ बसेल!” “गाडीवरची धूळ घासून निघते, मालक. माझी छाती घासून दाखवा.” “दाराला हात लावेल त्याची नोकरी गेली!” सहाव्या स्क्रूला त्याचा दम संपला. कललेल्या दाराच्या फटीतून रंगानं माखलेला हात पुढे आला. “दे दादा, शेवटचा मी काढते.”