गोरे सर

करुणा मॅडम मारेकच्या गळ्यात टाय बांधत होत्या. त्याच्या मानेवर घामाचा चिकट थर होता आणि त्यावर अतुल सरांनी स्वतःचा स्प्रे फवारला होता. दोन्ही वास एकत्र झाले, तसं त्यांनी तोंड बाजूला वळवून गाठ आवळली.

मारेक पोलंडचा. अजिंठा बघायला आलेला. शाळेचे मालक अतुल सर त्याला फर्दापूरच्या हॉटेलात भेटले आणि आज सकाळी गाडीत घालून घेऊनच आले. शेंद्र्याच्या नव्या कारखान्यातली कोरियन कुटुंबं मुलांच्या प्रवेशासाठी शाळा बघायला येणार होती. दोन तासांपुरता मारेक इंग्रजीचा शिक्षक होता. त्याला धड इंग्रजी येत नव्हतं.

"मॅडम, लई मनावर घेऊ नका," सर गुटखा चघळत म्हणाले. "त्या लोकांना गोरा मास्तर दिसला पायजे. शिकवायला तुम्ही हायेतच की. आज तेवढं चहाचं बघा."

अकरा वर्षं त्या इथं इंग्रजी शिकवत होत्या. फळ्यावरचा धडाही त्यांनीच लिहिला होता. मारेकनं त्याच्यासमोर नुसतं उभं राहायचं होतं.

पाहुणे आले. चार जोडपी. कमरेत वाकून वाकून ती मारेकला नमस्कार करू लागली. तो दात काढून "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला होता, सख्खा भाऊ असल्यासारखा. एका साहेबानं करुणा मॅडमकडं न बघताच रिकामा कप त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. त्यांना शिसारी आली. सरांची, मारेकची, स्वतःच्या हातातल्या ट्रेची. नोकरी गेली तर गेली, पण हे सांगायचंच.

व्हरांड्यात मिसेस हान नावाची एक आई एकटीच उभी होती. मॅडमनी ट्रे खाली ठेवला.

"तो शिक्षक नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पैसे देऊन आणलाय. इंग्रजी मी शिकवते."

मिसेस हान जराही दचकल्या नाहीत. "माहीत आहे. शुक्रवारी लेण्यांच्या बसमध्ये तो आमच्याच शेजारी बसला होता." मग त्या हसल्या. "फळ्यावरचं अक्षर तुमचंच ना? मुलीला तुमच्याकडंच घालते."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले.

मिसेस हाननी पर्समधून फोन काढून त्यांच्यापुढं धरला. "फक्त आमचा एक फोटो काढून द्या. त्याच्यासोबत. सोलला सासूबाईंना पाठवायचाय. त्यांना असाच शिक्षक हवा आहे."

नाही म्हणावं, असं मॅडमच्या मनात आलं. तोवर त्यांचा हात पुढं झाला होता.

मारेक मधोमध उभा राहिला. जोडपी त्याच्या दोन्ही बाजूंना. सर धावत येऊन कडेला घुसले. करुणा मॅडमनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि सगळ्यांना जरा जवळ सरकून हसायला सांगितलं. स्वच्छ, अस्खलित इंग्रजीत.