आमची चिमी रोज खाते

मुलांनो, बाजाराच्या कोपऱ्यावरची एक हातगाडी डोळ्यांसमोर आणा. गाडीवर ओल्या गोणपाटाखाली शिंगाडे आहेत आणि मागे उभा आहे शिंगाडेवाला, शेजारी त्याची लेक चिमी. ज्या तळ्यातून हे शिंगाडे काढले, त्यात परवा कारखान्याचं पाणी शिरलं आणि मासे उलटे होऊन तरंगले. "यातला एकही तोंडात घालायचा नाही," असं बापानं चिमीला सकाळीच दटावलं होतं.

एक बाई आपल्या किडकिडीत मुलाला कडेवर घेऊन आल्या.

"नुकताच आजारातून उठलाय हो. याला सोसतील ना?"

"न सोसायला काय झालं, ताई? अंगात ताकद येते, पोटाला थंडावा मिळतो. आमची चिमी रोज खाते, बघा कशी टुणटुणीत आहे."

बाईंनी कौतुकानं एक शिंगाडा सोलला आणि आधी चिमीच्या हातावर ठेवला. शिंगाडेवाल्यानं तो घ्यायला हात पुढे केला, पण समोर गिऱ्हाईक उभं, म्हणून त्याच हातानं तो गोणपाट सारखं करू लागला.



चिमीनं शिंगाडा तोंडात टाकला, नीट चावून गिळला आणि तोच हात बापापुढे पसरला, "अजून एक दे ना, बाबा. मी रोज खाते ना!"