किल्ली हरवली? काळजी कशाला!

खट् असा आवाज झाला आणि गाडीची चारही दारं बंद झाली.

आतल्या माणसाने खटका ओढून पाहिला. मग खांद्याने दार ढकललं. मग बाकीची तीन दारं, एकेक करत, या सीटवरून त्या सीटवर लोळत. दारं ढिम्म. काचांची बटणं दाबली, तीही मेलेली. गाडी परदेशातून आलेली, जुनी, दणकट, स्टेअरिंग उलट्या बाजूला. गुडघे त्यावर आपटत होते म्हणून त्याने सीट पार मागे सारली आणि घाम पुसला. बाहेर बाजारामागची गल्ली, रणरणतं ऊन, समोर भिंत. चिटपाखरू नाही. हॉर्नकडे हात गेला, पण अर्ध्यावरून मागे आला. माणसं गोळा झाली की नसती शोभा.

फोन वाजला. बायको.

"कुठे आहात?"

"निघालोच."

"निघालोच म्हणजे अजून निघाला नाहीत. थोड्या वेळात पडदा वर जाणार. तुमची लेक झाड झालीय. सकाळपासून हात वर करून घरभर हिंडत होती. दात घासतानासुद्धा एक हात वरच."

"येतो गं. पहिल्या रांगेत बसतो."

"गेल्या वर्षी ससा झाली तेव्हाही बसणार होतात. त्यानंतर आठ महिने तोंड दिसलं नाही तुमचं. ते काम सोडलंत ना, खरंच?"

"सोडलं. तुझी शपथ."

"माझी नको, स्वतःची घ्या," म्हणून तिने फोन ठेवला.

गाडीत आता भट्टी पेटली होती. त्याने डोकं मागे टेकवलं, तेव्हा समोरच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला एक कागद दिसला. मजकूर बाहेरच्या जगासाठी, म्हणून आतून उलटा. मान वाकडी करून त्याने तो कसाबसा वाचला. 'किल्ली हरवली? काळजी कशाला! कुठल्याही जुन्या गाडीची किल्ली जागेवर करून मिळेल.' खाली नंबर. माणूस अडकला की देव कुठे चिकटून बसलेला सापडेल, काही नेम नाही.

त्याने नंबर लावला.

"बोला," एक म्हातारा, निवांत आवाज. मागे कपबशी वाजत होती.

"किल्ली हरवलीय. जुनी गाडी, बाहेरून आलेली. आणि मी आत अडकलोय."

"आत? किल्ली नाही, तर आत शिरलात कसे?"

"मेव्हण्याने इथे लावली आणि किल्ली हरवून बसला. दार उघडंच टाकून गेला. म्हटलं, किल्ली आतच पडली असेल. बसलो, दार ओढलं, आणि खट्."

"हां. ती खोडच आहे त्या गाडीची. दार ओढलं की मनाला येईल तेव्हा स्वतःच कुलूप लावून घेते. मग आतले खटके बिनकामाचे. बाहेरून किल्लीच लागते. रंग कोणता म्हणालात?"

"पिस्ता."

"स्टेअरिंग उलटीकडे?"

"हो."

तिकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मेव्हणे धांदरट दिसतात."

"लाडावून ठेवलाय सगळ्यांनी. बिनडोक आहे."

"असं? बरं. काच मात्र फोडू नका हं. जीव गुदमरला तरी काच नाही फोडायची. ती काच आता कुठे मिळत नाही."

"लवकर या हो. लेकीच्या शाळेत नाटक आहे. बाजारामागच्या..."

"आलोच."

म्हातारा चालतच आला. बुटका, पांढऱ्या भुवयांचा, हातात पत्र्याची पेटी. आधी त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चारही काचा निरखल्या, दारावर तळहात फिरवला. मग आत बघितलं, अगदी फुरसतीने. भिंतीकडेचं एक खोकं ओढून दाराशी बसला. किल्लीची कोरी पट्टी कुलपात घातली, वळवली, बाहेर काढून उन्हात धरली. पट्टीवर पडलेल्या खुणांवर कानस मारू लागला.

"किती वेळ लागेल?" आतून आवाज आला.

"किल्ली आहे. चहा नाही, गाळला आणि दिला."

"माझा इथे श्वास कोंडतोय!"

"बोलू नका मग. वाचेल." कानस चालूच. "काम काय करता?"

"मिळेल ते."

"बोटं लांब आहेत. आमच्या धंद्यात चालली असती."

पुन्हा फोन. हात घामाने इतके ओले, की फोन निसटून मांडीवर पडला आणि बायकोचा आवाज गाडीभर झाला. काचेबाहेरही गेला.

"पडदा वर गेला. पोरगी रांगेकडे बघतेय. तुमची खुर्ची मी पर्स ठेवून अडवलीय, पण मागच्या बाई कुरकुर करतायत."

"अडकलोय गं. खरंच अडकलोय."

"दर वेळी खरंच अडकता तुम्ही. ऐका, झाड शेवटपर्यंत उभं असतं. तेवढा वेळ आहे तुम्हाला. पर्स उचलायची वेळ आणू नका, कारण मग मी घरातली बॅगही उचलीन."

फोन बंद झाला. आतल्या माणसाने स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते.

बाहेर कानस थांबली.

म्हातारा काचेतून बघत राहिला. मग त्याने पट्टी पेटीत टाकली, पेटीचं झाकण लावलं आणि खिशात हात घातला. दार उघडलं. वारा आत आला. आतला माणूस बाहेर झेपावणार, तर दारात म्हातारा पेटी धरून उभा.

"सरका पलीकडे. शाळेपर्यंत मी सोडतो."

"तुम्ही? अहो, नको... मी जाईन पळत."

"उन्हात? झाडाचा बाप धापा टाकत पोचलेला बरा दिसेल का? सरका."

तो सरकला. म्हातारा आत बसला, दार ओढलं. खट्. त्याने पाय लांब केले, ते पेडलपर्यंत पोचेनात. सीटखाली हात घालून, न बघता, त्याने ती चार खाचा पुढे ओढली.

"फार मागे सारलीत हो," तो म्हणाला. "सकाळी मी अगदी बरोबर लावून गेलो होतो."